अप्रेझल कमी आलंय? लेंडरच्या ‘रिकन्सिडरेशन ऑफ व्हॅल्यू’ या सोयीचं परीक्षण

अमेरिकेत गृहकर्ज घेणाऱ्याला ही सोय कर्जाच्या अर्जाबरोबरच मिळालेली असते. कागदपत्रांच्या गठ्ठ्यात तिचं एक पान असतं आणि त्यावर सहीही झालेली असते. आठवण होते ती अप्रेझलचा, म्हणजे कर्ज देणाऱ्या लेंडरने करवलेल्या घराच्या मूल्यांकनाचा, आकडा कराराच्या किमतीखाली आल्यावर. मग धावपळ सुरू होते, लोन ऑफिसरला फोन जातात, एजंट चिडतो आणि रागाच्या भरात दोन परिच्छेदांचं एक पत्र लेंडरकडे जातं. तिथेच बाजी हातची जाते, कारण ही संधी बहुधा एकदाच मिळते.

रिकन्सिडरेशन ऑफ व्हॅल्यू, बोलताना आरओव्ही, म्हणजे अप्रेझरने काढलेल्या किमतीचा फेरविचार करा अशी लेंडरमार्फत केलेली लेखी विनंती. आमचं मत आधीच सांगून टाकतो: सोय कामाची आहे, बहुतेक ठिकाणी फुकट आहे, पण तिची रचना अर्जदाराच्या बाजूची नाही. जो अहवाल ओळीनओळ वाचतो त्याला तिचा उपयोग होतो. ‘आमच्या घराची किंमत याहून जास्त आहे हो’ एवढंच म्हणणं असेल, तर अर्ज भरायचे कष्टही घेऊ नयेत.

आधी हिशेब, कारण तोच अनेकांचा चुकतो. करार ५ लाख डॉलरचा, २० टक्के डाऊन पेमेंट, म्हणजे स्वतःचे १ लाख आणि कर्ज ४ लाख. अप्रेझल आलं ४ लाख ८० हजार. लेंडर कराराची किंमत आणि अप्रेझल यातला लहान आकडा धरतो. त्याचे ८० टक्के म्हणजे ३ लाख ८४ हजार. विकणारा किंमत उतरवायला तयार नसेल, तर खिशातून १ लाख १६ हजार घालावे लागतील. जास्तीचे १६ हजार, २० नव्हेत. दुसरा मार्ग म्हणजे कर्ज ४ लाखच ठेवायचं. मग ते किमतीच्या ८३.३ टक्के होतं आणि मॉर्गेज इन्शुरन्स, म्हणजे लेंडरच्या संरक्षणासाठी आपण भरायचा विमा, मागे लागतो. डाऊन पेमेंट ५ टक्केच असेल तर खड्डा मोठा: कर्ज ४ लाख ७५ हजारांवरून ४ लाख ५६ हजारांवर येतं आणि १९ हजार जास्त उभे करावे लागतात. आरओव्हीत किती जीव ओतायचा हे या आकड्यावरून ठरवावं, अपमान झाल्याच्या भावनेवरून नव्हे. फरक ३ हजारांचा असेल तर विकणाऱ्याशी बोलून निम्मा-निम्मा वाटून घेणं कितीतरी लवकर होतं.

पैसे आपले, ग्राहक लेंडर

अप्रेझलची फी आपण भरतो, पण अप्रेझरचा ग्राहक लेंडर असतो. या एका गोष्टीवर सगळी व्यवस्था उभी आहे. २००८ च्या पडझडीनंतर अप्रेझरवर दबाव येऊ नये म्हणून नियम कडक झाले. २००९ मध्ये आचारसंहिता आली, २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने ती तत्त्वं कायद्यात बसवली. त्यामुळे अप्रेझरची नेमणूक बहुधा अप्रेझल मॅनेजमेंट कंपनी नावाच्या मध्यस्थाकडून होते आणि लोन ऑफिसरला त्याच्याशी किमतीबद्दल घासाघीस करता येत नाही. आपण थेट अप्रेझरला फोन लावला तर तो बोलणार नाही, आणि त्यात त्याचा उद्धटपणा नसतो. ग्राहकाखेरीज कोणाशीही अहवालाची चर्चा करायला त्याच्या व्यवसायाचे नियम त्याला मज्जाव करतात.

याच कायद्याखालच्या नियमांत तीन गोष्टी मात्र स्पष्टपणे चालतात असं म्हटलं आहे: घराबद्दलची किंवा तुलनेच्या विक्रींची (म्हणजे आसपास विकल्या गेलेल्या सारख्या घरांची) जास्तीची माहिती विचारात घ्यायला सांगणं, निष्कर्षाचं आणखी स्पष्टीकरण मागणं आणि चुका दुरुस्त करायला सांगणं. आरओव्ही म्हणजे या तीन वाटांची सरकारी पायवाट. ‘आकडा ५ लाख करा’ ही चौथी वाट त्यात नाही. म्हणून अर्जात हवा असलेला आकडा लिहून मागू नये. लेंडरचा कर्मचारी अशी विनंती पुढे पाठवायला कचरतो, आणि ते बरोबरही आहे.

२०२४ हे या सोयीसाठी महत्त्वाचं वर्ष. मे महिन्यात लेंडरांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्थांनी आरओव्हीचे एकसारखे नियम जाहीर केले आणि ते २९ ऑगस्टपासून लागू झाले. अर्जाच्या वेळी आणि अप्रेझलची प्रत देताना, अशी दोनदा या सोयीची माहिती देणं लेंडरला बंधनकारक झालं. एका अहवालावर कर्जदाराला एकच आरओव्ही, त्यात जास्तीत जास्त पाच पर्यायी विक्री, आणि सगळं क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या, आधी. जुलैमध्ये पाच केंद्रीय संस्थांनी मिळून बँकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या सूचनाच आहेत, नियमाइतकं त्यांचं बळ नाही. एफएचए, म्हणजे सरकारी विमा असलेल्या, कर्जांसाठीही त्या वर्षी असंच पत्रक निघालं होतं, पण मार्च २०२५ मध्ये ते मागे घेतलं गेलं. त्यामुळे एफएचए कर्ज असेल तर लेंडरची स्वतःची पद्धत काय आहे ते लेखी विचारून घ्यावं, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

अहवाल हातात आल्यावर

पहिलं काम प्रत मिळवणं. राहत्या घरावरच्या पहिल्या कर्जासाठी केलेल्या प्रत्येक मूल्यांकनाची प्रत ते पूर्ण होताच लगेच, किंवा फार तर क्लोजिंगच्या तीन कामकाजी दिवस आधी, यातलं जे आधी असेल तेव्हा मिळण्याचा हक्क आहे. हक्क तीन दिवसांचा असला तरी तीन दिवस आधी मिळालेल्या अहवालावर आरओव्ही करणं म्हणजे वरातीमागून घोडं. आकडा कळल्या दिवशीच पूर्ण पीडीएफ मागावी. नुसता आकडा सांगणारा ईमेल कामाचा नाही.

दुसरं काम त्याहून निकडीचं. अप्रेझल किंवा कर्ज न जमल्यास करारातून बाहेर पडण्याची मुदत कधी संपते ते पाहून, ती वाढवून घेण्याची लेखी दुरुस्ती एजंटकडून विकणाऱ्याकडे पाठवणं. आरओव्ही चालू आहे म्हणून कराराची घड्याळं थांबत नाहीत. मुदत उलटली आणि आकडा तसाच राहिला, तर अर्नेस्ट मनी, म्हणजे करार करताना भरलेला बयाणा, अडकतं. व्याजदराचा लॉक, म्हणजे ठरलेला दर कायम ठेवण्याची लेंडरची मुदत, कधी संपतो तेही त्याच दिवशी विचारावं.

मग वाचन. स्वतंत्र घरासाठी वर्षानुवर्षं फॉर्म १००४ वापरात आहे, कॉन्डोसाठी १०७३. त्यांची जागा आता नवा, एकाच साच्याचा अहवाल घेतोय. फॅनी आणि फ्रेडीसाठी तो २ नोव्हेंबर २०२६ पासून सक्तीचा आहे. मांडणी बदलली तरी पाहायच्या गोष्टी त्याच. जुन्या फॉर्मचं पहिलं पान घराचं आणि परिसराचं वर्णन, दुसऱ्या पानावर तुलनेचा तक्ता. सगळं या तक्त्यात आहे. डावीकडे आपलं घर, शेजारी किमान तीन विकली गेलेली घरं, म्हणजे कॉम्प. प्रत्येक कॉम्पच्या विक्री किमतीत अधिक-उणे करून ती आपल्या घराच्या पातळीला आणलेली असते.

या अधिक-उण्याची दिशा समजली नाही तर सगळी तक्रार उलटी होते. कॉम्प आपल्या घरापेक्षा सरस असेल तर त्याच्या किमतीतून वजा करतात, कमअस्सल असेल तर त्यात मिळवतात. आपलं घर कधीच बदलत नाही. ‘आमच्या घराला दोन गॅरेज आहेत तरी वजा का केलं’ असं विचारणारे अर्ज येतात, आणि तक्त्यात पाहावं तर कॉम्पला तीन गॅरेज असतात. असा एक मुद्दा अर्जात दिसला की बाकीच्या खऱ्या मुद्द्यांकडेही अप्रेझर त्याच नजरेने पाहतो.

क्षेत्रफळ: सगळ्यात खात्रीचा मुद्दा

मोजमापाची चूक दाखवता आली तर वादाला जागा उरत नाही, म्हणून सुरुवात इथून करावी. फॅनी मेसाठी १ एप्रिल २०२२ पासूनच्या अप्रेझलमध्ये स्वतंत्र घरांचं मोजमाप एएनएसआय झेड७६५ या मानकाप्रमाणे करावं लागतं. मोजमाप बाहेरच्या भिंतीवरून होतं. छत किमान सात फूट हवं. उतरत्या छताच्या खोलीत निम्म्या तरी क्षेत्रावर सात फूट उंची हवी, आणि पाच फुटांखालचा भाग अजिबात धरत नाहीत. जो मजला थोडाही जमिनीखाली आहे तो कितीही सुंदर सजवलेला असो, वरच्या राहत्या क्षेत्रफळात येत नाही. त्याची नोंद तळघर म्हणून वेगळी होते आणि किंमतही वेगळ्या ओळीत धरतात. काउंटीच्या कर नोंदीत तळघर धरून २,८०० चौरस फूट आणि अहवालात २,१००, हे पाहून अनेकांना धक्का बसतो. त्यात चूक नसते. याच्यावर आरओव्ही खर्ची घालू नये.

खरी चूक अशी असते: गॅरेजवर १२ बाय १६ फुटांची खोली आहे, घरातल्या जिन्यावरून तिथे जाता येतं, ती वर्षभर वापरता येते, पण आराखड्यात वरच्या मजल्याची ती बाजू सरळ रेषेत कापली आहे. १९२ चौरस फूट गायब. अहवालात क्षेत्रफळाच्या फरकासाठी चौरस फुटाला ६५ डॉलर दर धरला असेल, तर हिशेब तिथेच होतो: १९२ गुणिले ६५, म्हणजे १२,४८० डॉलर. चूक आपल्या घराच्या मापात असल्याने तिन्ही कॉम्पच्या सुधारित किमती तेवढ्याने वर सरकतात. दर अहवालातलाच वापरायचा, आपला नवा आणायचा नाही. बांधकामाला चौरस फुटाला अमुक खर्च येतो, हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण अधिक-उणे बाजार किती मोजतो यावर ठरतात. आणि हो, त्या खोलीत जायला गॅरेजमधूनच वाट असेल, मधे राहत्या घराचा जोड नसेल, तर मानक तिला मुख्य क्षेत्रफळात धरू देत नाही. अर्ज पाठवण्याआधी ही खातरजमा करावी, नाहीतर तोंडघशी पडायला होतं.

पुरावा म्हणून बिल्डरचा मोजमापासह आराखडा, परवान्याची नोंद आणि त्या खोलीचे आतले-बाहेरचे दोन-तीन फोटो पुरतात. अहवालातल्या आराखड्यावर गायब भाग लाल रेघेने दाखवून तो जोडला तर अप्रेझरचं काम पाच मिनिटांचं होतं. अलीकडे काही अहवालांत घर पाहून मापं घेणारा माणूस एक आणि किंमत काढणारा अप्रेझर दुसरा, अशी विभागणी असते. तिथे आराखडा जास्तच बारकाईने तपासावा, कारण किंमत काढणाऱ्याने ती खोली डोळ्यांनी पाहिलेलीच नसते.

क्षेत्रफळाखालोखाल घराच्या स्थितीचा शेरा पाहावा. अहवालात तो सी१ ते सी६ असा असतो: सी१ म्हणजे कोरं घर, सी६ म्हणजे डागडुजीशिवाय राहण्याजोगं नाही. आपल्या घराला सी४ आणि दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघर-बाथरूम केलेल्या कॉम्पला सी३ असं असेल आणि आपलंही काम तेवढंच झालं असेल, तर मुद्दा आहे. मात्र तो मांडताना ‘४० हजार खर्च केले’ हे वाक्य नको. काय बदललं, कोणत्या महिन्यात, परवाना कोणता, एवढंच द्यावं. कंत्राटदाराची बिलं काम झाल्याचा आणि तारखेचा पुरावा म्हणून जोडावीत. खर्च आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अप्रेझर रोज सांगत असतो.

कॉम्प निवडताना

पाच जागा मिळतात म्हणून पाच भरायच्याच असं काही नाही. दोन चोख कॉम्प पाच बऱ्यांपेक्षा भारी पडतात, कारण पाचातला एक लंगडा निघाला की उत्तरात अप्रेझर त्याच्यावरच लिहितो.

आधी अप्रेझरने वापरलेल्यांची छाननी करावी. तक्त्यात विक्रीच्या तारखेच्या रकान्यात ‘एस०३/२५;सी०१/२५’ असं काहीतरी दिसतं. ‘एस’ म्हणजे व्यवहार पूर्ण झाल्याचा महिना, ‘सी’ म्हणजे करार झाल्याचा. किंमत ठरते ती करारादिवशी. बाजार चढता असेल आणि कॉम्पचा करार दहा महिन्यांपूर्वीचा असेल, तर काळाची दुरुस्ती केली आहे का ते पाहावं. तिथे शून्य असेल आणि त्याच अहवालाच्या पहिल्या पानावर परिसरातल्या किमती ‘वाढत्या’ अशी खूण असेल, तर अहवाल स्वतःशीच भांडतोय. अशी विसंगती सापडली की ती अर्जाच्या पहिल्या ओळीत घ्यावी. मग विक्रीचा प्रकार: सर्वसाधारण व्यवहार, की बँकेने जप्त केलेलं घर, की नात्यातली विक्री? एमएलएसवरचे (एजंटांच्या सामायिक विक्री-नोंदींतले) त्या कॉम्पचे जुने फोटो एजंटकडून मागवून पाहावेत. ‘सी३’ लिहिलेल्या घरात फोटोत गळकं छत दिसलं, तर ते सोन्याहून पिवळं.

पर्यायी कॉम्प सुचवताना कसं मांडायचं, ते एका उदाहरणावरून. आपलं घर २,१०० चौरस फूट, दोन गॅरेज. अप्रेझरचा तिसरा कॉम्प १.८ मैलांवर, फ्रीवेच्या पलीकडे, अकरा महिन्यांपूर्वी ४ लाख ६२ हजारांना विकलेला. आपल्याच वसाहतीत ०.४ मैलावर एक घर दोन महिन्यांपूर्वी ५ लाख १० हजारांना गेलंय: २,२४० चौरस फूट, तीन गॅरेज. अर्जात नुसतं ‘५ लाख १० हजार’ लिहून सोडणं हा कच्चेपणा झाला. १४० चौरस फूट जास्त, ६५ च्या दराने ९,१०० वजा. अहवालात जास्तीच्या गॅरेजला ८,००० धरले असतील तर तेही वजा. उरले ४ लाख ९२ हजार ९००. हा आकडा आपण होऊन उतरवून दाखवला की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो, आणि तो तरीही ४ लाख ८० हजारांच्या वर आहे. विकणाऱ्याने खरेदीदाराच्या क्लोजिंग खर्चाला हातभार लावला असेल तर तोही लपवू नये. एमएलएसवर तो दिसतोच.

बाद होणारे कॉम्प ओळखीचे आहेत: अजून विक्रीला असलेली घरं, करार झालेली पण पूर्ण न झालेली विक्री, अप्रेझलच्या प्रभावी तारखेनंतर (ज्या दिवसाची किंमत धरली त्यानंतर) क्लोज झालेली, वर्षाहून जुनी, दुसऱ्या शाळेच्या हद्दीतली. विक्रीला असलेली घरं पूरक माहिती म्हणून चालतात, पाया म्हणून नाही. संकेतस्थळांवरचे आपोआप निघणारे अंदाज, झेस्टिमेट वगैरे, जोडूच नयेत. त्यांनी अर्जाचं वजन कमी होतं.

प्रत्येक पर्यायी कॉम्पसोबत पत्ता, एमएलएस क्रमांक, करार आणि विक्रीची तारीख, अंतर, आणि तो अप्रेझरच्या अमुक कॉम्पपेक्षा जवळचा का, याचं एक वाक्य. दुसरं वाक्य लागत असेल तर कॉम्प बहुधा तितका जवळचा नाही. सगळा अर्ज दोन पानांत बसावा: आधी चुका, मग विसंगती, शेवटी कॉम्प. घर किती प्रेमाने राखलंय, शेजाऱ्याने काय सांगितलं, दुसऱ्या खरेदीदाराने किती देऊ केले होते, हे सगळं बाहेर. काही लेंडरांच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये जेमतेम चार ओळींची चौकट असते. तिथे ‘तपशील सोबत जोडला आहे’ लिहून पीडीएफ लावावी आणि ती पोहोचल्याची पावती घ्यावी.

उत्तर काय येतं

तीन प्रकारची उत्तरं येतात: चूक दुरुस्त करून आकडा बदललेला सुधारित अहवाल, चूक दुरुस्त पण आकडा तोच, किंवा ‘सुचवलेले कॉम्प पाहिले, वापरलेले जास्त योग्य आहेत’ असा खुलासा. दुसरा प्रकार सगळ्यात जास्त झोंबतो आणि या सोयीतली मुख्य उणीव तिथेच दिसते. ज्याच्या निकालावर अपील, त्याच्याच पुढ्यात सुनावणी. वर लेंडरचा अंडररायटर, म्हणजे कर्ज तपासून मंजूर करणारा, असतो खरा, आणि अहवालात दुरुस्त न झालेली गंभीर चूक उरली तर लेंडरला दुसरं अप्रेझल मागवता येतं. पण ती मागणी आपण रेटायची म्हटली तर ‘गंभीर’ म्हणजे काय ते कागदावर दाखवावं लागतं. उदाहरणार्थ, सुधारित अहवालात १९२ चौरस फूट मिळवले पण तिन्ही कॉम्पच्या ओळी जुन्याच ठेवल्या, तर तक्त्याची बेरीजच जुळत नाही. हा मुद्दा थेट अंडररायटरकडे न्यावा. दुसरं अप्रेझल झालं तरी दोन्हींची सरासरी काढायची किंवा मोठा आकडा उचलायचा, असं होत नाही. जास्त विश्वासार्ह कोणतं ते लेंडरला ठरवावं लागतं.

वंश, धर्म, मूळ देश यावरून किंमत पाडली असा संशय असेल, तर आरओव्हीच्या अर्जात तसं स्पष्ट लिहावं. त्याची हाताळणी लेंडरकडे वेगळी होते. फेअर हाउसिंग कायद्याखाली गृहनिर्माण खात्याकडे तक्रार एक वर्षाच्या आत करता येते. अहवालात परिसराच्या वर्णनात तिथे राहणाऱ्या लोकांबद्दलचे शब्द असतील, तर ते पान जपून ठेवावं.

व्हीएचं टाइडवॉटर: असं सगळीकडे हवं होतं

माजी सैनिकांच्या व्हीए कर्जांमध्ये याच सोयीचा जास्त शहाणा अवतार आहे. आकडा कराराच्या खाली जातोय असं दिसलं की अप्रेझर अहवाल पूर्ण करण्याआधी तसं कळवतो आणि जास्तीची माहिती द्यायला दोन कामकाजी दिवस देतो. याला टाइडवॉटर म्हणतात. माणसाने एकदा सही केलेला आकडा बदलणं आणि सही व्हायच्या आधी माहिती घेणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मेख एवढीच की सूचना अप्रेझलच्या ऑर्डरवर नाव असलेल्या संपर्क व्यक्तीला जाते. ती व्यक्ती सुट्टीवर असेल तर दोन दिवस तसेच जातात. व्हीए कर्ज असेल तर ऑर्डरवर कोणाचं नाव आहे ते पहिल्याच आठवड्यात विचारावं आणि कॉम्पचं पान तयार ठेवावं. टाइडवॉटर हुकलं तरी नंतर आरओव्ही करता येतो.

एफएचएत उलट अडचण. तिथलं अप्रेझल घराच्या केस नंबरला चिकटतं आणि १८० दिवस चालतं, त्यामुळे दुसऱ्या एफएचए लेंडरकडे गेलं तरी तोच आकडा पाठोपाठ येतो. कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी किंवा विमा नसलेल्या, कर्जात लेंडर बदलला तर नवं अप्रेझल होऊ शकतं, पण दोन-तीन आठवडे आणि पुन्हा फी जाते. कराराची मुदत तेवढी असेल तरच या वाटेला जावं.

पर्याय आणि त्यांची किंमत

स्वतः पैसे देऊन करवलेलं खासगी अप्रेझल लेंडर कर्जासाठी वापरू शकत नाही, कारण ऑर्डर त्याचीच हवी. काहीशे डॉलर खर्चून त्यातून मिळतात ते चार चांगले कॉम्प आणि बरोबर मापं. घर विचित्र असेल, दोन एकरांवर असेल, आसपास विक्रीच नसेल, तर तो खर्च वसूल होतो. साध्या वसाहतीतल्या घरासाठी नाही. ‘अप्रेझल लढवून देतो’ म्हणणाऱ्या सशुल्क सेवांचंही तेच. एमएलएस हाताशी असलेला कामसू एजंट हे दोन तासांत, फुकटात करतो. तो टाळाटाळ करत असेल, तर सेवा विकत घेण्याआधी त्याच्या ऑफिसच्या ब्रोकरला सांगून पाहावं.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र अप्रेझर घर पाहायला येतो त्या दिवशीच करता येतो. सुधारणांची तारखांसह यादी, परवाने, आराखडा आणि तीन कॉम्प, असं एक पान एजंटने त्याच्या हातात द्यावं. यात नियमभंग नाही, फक्त आकड्याची मागणी करायची नाही. घेणं न घेणं त्याच्यावर. बहुतेक घेतात.

प्रॉपर्टी टॅक्ससाठी काउंटीने धरलेल्या किमतीला आव्हान देणं हे वेगळं प्रकरण आहे. तिथे आकडा खाली आणायचा असतो आणि मुदत राज्यागणिक बदलते. टेक्सासात १५ मे किंवा नोटीस निघाल्यापासून ३० दिवस, यातलं जे नंतर असेल ते. घर नुकतंच घेतलं असेल आणि अप्रेझल कमी आलं असेल, तर ज्या अहवालावर इतकी चिडचिड झाली तोच तिथे पुरावा म्हणून कामी येऊ शकतो. फाइल फेकू नये.

गुण द्यायचे तर: खर्चाला पाचपैकी पाच, पारदर्शकतेला तीन, कारण २०२४ नंतर माहिती मिळते पण उत्तर कधी मिळेल याची मुदत लेंडरागणिक बदलते. न्यायाला दोन. मोजमापाची किंवा तपशिलाची चूक हाती असेल तर जरूर वापरावी. फक्त कॉम्प पटत नसतील तर वापरावी, पण विकणाऱ्याशी बोलणी त्याच दिवशी सुरू करावीत. आणि ‘पाठवा’ हे बटण दाबण्याआधी अर्ज एका रात्रीसाठी बाजूला ठेवून सकाळी पुन्हा तक्त्याशी ताडून पाहावा. अधिकचं उणं झालेलं तेव्हा दिसतं.